कोणाच्या घरचं मयत

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या रास मिल्हच्या नगराध्यक्षा सय्यदा राझिया, व्यासपीठावर विराजमान असलेले आदरणीय शेख त्लीली, बांधकाम खात्याचे प्रमुख अभियंते सी मुन्सिफ, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे आयुष्यभराचे शेजारी सी बलगासम तौझिनी, पहिल्या रांगेत बसून ‘हा आता काय बोलतोय’ अशा नजरेनं माझ्याकडे पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी लल्ला झाझिया, नगरपालिकेतले माझे सहकारी, आणि दुकानं बंद ठेवून इथं आलेल्या बंधुभगिनींनो, तुम्हा सगळ्यांना सलाम.

मला बोलायची सवय नाही. आपल्या नगरपालिकेचं जे छोटंसं संग्रहालय आहे, त्याची किल्ली माझ्याकडे असते, हे तुम्ही जाणता. तिथं माझ्या सोबतीला ऑक्टोपस धरायची जुनी मडकी आहेत, स्पंज काढणाऱ्यांचे भाले आहेत आणि एक मोडकी होडी आहे. यांतलं कुणीही उलट उत्तर देत नाही, त्यामुळे माणसाची वाचा गंजते. शिवाय छपरातून पाणी गळतं ते वेगळंच. सी मुन्सिफ, हसू नका, अजून गळतंय.

पण सी बलगासम यांना निरोप द्यायचा आणि या तिजानीनं गप्प बसायचं, हे कसं शोभेल? आमच्या दोघांची टेबलं एका खोलीत होती. त्यांच्याकडे माईक होता, माझ्याकडे किल्ली.

दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपली की नगरपालिकेच्या गच्चीवरचा कर्णा आधी खरखरायचा आणि मग आवाज यायचा, “रास मिल्ह नगरपालिकेची खबर.” आधी कामं, मग संग्रहालय, मग सेवा. कुठली गल्ली खोदली आहे, कुठल्या भागात पाणी येणार नाही, संग्रहालय कधी उघडं आहे, पोरांना लस कुठं टोचतात, म्हाताऱ्यांचे दाखले कुठल्या खिडकीवर मिळतात. चौकातल्या चहावाल्याकडे लोक पेला हातात तसाच धरून ऐकायचे. पाणी जाणार असं अभियंत्यानं सांगितलं तर लोक म्हणायचे, बघू. सी बलगासम यांनी सांगितलं की बायका हंडे भरायला उठायच्या.

याचं कारण त्यांचा एक हट्ट. स्वतः पाहिल्याशिवाय ते कुठल्याही कामाची खबर देत नसत. नाला साफ झाला म्हणून कागद आला की हे नाल्यावर. दिवा लागला म्हणून कागद आला की हे खांबाखाली मान वर करून उभे. आमच्या खोलीत किती अभियंते तावातावानं आले आणि किती जण पडेल चेहऱ्यानं परत गेले, याची गणती नाही. सी मुन्सिफ साक्षीला इथंच बसले आहेत.

आणि दुसरी खबर असायची मयताची. तिला शुक्रवार नाही, वेळ नाही. घरचं माणूस खिडकीशी येणार, नाव सांगणार, दफन कधी ते सांगणार, आणि पाच मिनिटांत कर्ण्यावरून अख्ख्या गावाला कळणार. त्याचे पैसे नाहीत, दाखला नाही. माझ्या घरात माणूस गेलं असं सांगणाऱ्याकडे पुरावा मागायचा नाही, ही आपल्या नगरपालिकेची सगळ्यात जुनी सेवा. नगरपालिका नव्हती तेव्हाही ती होती.

आता मी त्या वसंताबद्दल बोलतो. तुम्हा सगळ्यांना तो आठवतो. समुद्र आपल्या किनाऱ्यावर माणसं आणून टाकू लागला. उत्तरेकडे निघालेल्या होड्या उलटायच्या आणि चार दिवसांनी कुणीतरी आपल्या वाळूत सापडायचं. कुठला, कोण, कुणाचा, काही पत्ता नाही. इस्पितळातून प्रेत नगरपालिकेकडे यायचं, आणि नगरपालिकेच्या कुठल्या खात्याकडे? तर बांधकाम. कारण खड्डा खोदायचं यंत्र त्यांचं, डिझेल त्यांचं. मग शुक्रवारच्या खबरीसाठी कागद आला: कामं. मशिदीमागच्या गल्लीत फरशी बसवली. बाजारातले दोन दिवे बदलले. पूर्वेकडच्या जागेत खोदकाम पूर्ण.

सी बलगासम आपल्या हट्टाप्रमाणे खोदकाम बघायला निघाले. दुपारची वेळ होती, संग्रहालयात चिटपाखरू नव्हतं, म्हणून मीही गेलो. कबरस्तानात यंत्राचा चालक, दोन मजूर, शेख त्लीली आणि आम्ही. सी बलगासम यांनी कापड बाजूला करायला लावून चेहरा पाहिला. मी म्हटलं, “हे कशाला?” ते म्हणाले, “न बघता कसं सांगू?” वीसेक वर्षांचा मुलगा होता. नमाज झाली, माती लोटली, आणि आम्ही फाटकाशी येऊन थांबलो. बूट झाडायला थांबलो होतो, दुसरं काही नाही.

तेवढ्यात आपले शाबानकाका आले. मासेमारी सुटली तरी कबरस्तानाजवळच्या भिंतीशी जाळं विणत बसायचे, अल्लाह त्यांच्यावर दया करो. दफन दिसलं की उठून यायचं, ही त्यांची उभ्या जन्माची सवय. फाटकाशी माणूस उभा दिसला, तो घरचाच असणार. काकांनी सी बलगासम यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बरकत तुमच्यात राहो.”

आणि सी बलगासम यांच्या तोंडून निघून गेलं, “तुमच्या घरावर अशी वेळ न येवो.”

हे उत्तर आपल्याकडे कोण देतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. ज्याच्या घरचं माणूस गेलं, तो देतो. दुसऱ्या कुणाच्या तोंडी ते येत नाही. लहानपणापासून कानावर पडलेलं, जीभ आपोआप वळली. चूकच ती.

काका दचकले. “तुझ्या घरचं होतं होय रे? मला कुणी कळवलंसुद्धा नाही. मग तिसऱ्या दिवसाचं जेवण घरीच ना?”

सी बलगासम यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही नाही म्हणत होतो. मग त्यांनी त्या नव्या मातीकडे पाहिलं आणि म्हणाले, “घरीच. दिवस मावळला की, मगरिबच्या नमाजेनंतर या.”

वाटेत मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. “अरे बाबा, चूक झाली म्हणायचंस. हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“काय म्हणायचं होतं, तिजानी? की त्याचं कुणी नाही, मी नुसतं खोदकाम बघायला आलो होतो?” ते म्हणाले. “काका समोर उभे होते. ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना.”

घरी लल्ला झाझियांनी काय केलं ते मी सांगणार आहे, त्यांनी कितीही डोळे वटारले तरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, “घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. आता तू समुद्राशी सोयरीक जोडून आलास का?” मग आत गेल्या. थोड्या वेळानं बाहेर आल्या आणि मला विचारलं, “दिसायला कसा होता?” मी सांगितलं. डाव्या कानाची पाळी फाटलेली होती तेही सांगितलं. त्या पुन्हा आत गेल्या, आणि मग बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्या संध्याकाळी कर्ण्यावरून खबर आली: “एका तरुणाचं निधन झालं आहे. नाव अल्लाहला ठाऊक. दफन झालं आहे. घर, बलगासम तौझिनी.” गावात हाहाकार. अर्धं गाव समजलं की यांचा हबीब गेला. हबीबला राजधानीत फोन गेले. त्यानं बापाला फोन करून विचारलं, “बाबा, मी गेलोय म्हणे. तुम्ही ठीक आहात ना?”

तिसऱ्या दिवशी लोक आले. काही सांत्वनाला आले, काही कुतूहलानं आले, आणि खरं सांगायचं तर काही लल्ला झाझियांच्या हातच्या कुसकुससाठी आले. एकानं शेख त्लीलींना विचारलं, “शेख, तो मुसलमान तरी होता का?” शेख म्हणाले, “तू जेव. मी त्याच्यासाठी दुआ करतो. राहिलेलं ज्याचं काम आहे तो बघेल.”

इथवर सगळं गोड. पण समुद्र काही एकावर थांबला नाही. दर वेळी सी बलगासम फाटकाशी, दर वेळी कर्ण्यावर मयताची खबर, दर वेळी त्यांच्या घरी तिसऱ्याचं जेवण. आणि बाजारात मासळी खपेना. लोक म्हणू लागले, त्या पाण्यातली मासळी कशी खायची? मासळीवाले नगरपालिकेवर चालून आले. मजीद, तू आज मागच्या रांगेत बसला आहेस, तूच खिडकीवर हात आपटून म्हणालास, “बलगासम, तू तिथं मेलेल्यांची नावं नसलेली यादी वाचतोस आणि इथं माझी मासळी कुजते. माझ्या पोरांनी खायचं काय?” तुझंही खोटं नव्हतं. पोट सगळ्यांना आहे.

सय्यदा राझिया, त्या वेळी आपण या खुर्चीवर नव्हतात, हे आपलं भाग्य. सभा भरली आणि ठराव झाला: हे सारं ‘कामं’ या मथळ्याखाली पूर्वीसारखं एका ओळीत वाचायचं, मयताची खबर फक्त गावच्या माणसांची द्यायची. सी बलगासम यांना सांगण्यात आलं, पटत नसेल तर माईक दुसऱ्याच्या हाती द्या. निवृत्तीला अवकाश होता, हबीबचं लग्न ठरलं होतं. आणि बंधुभगिनींनो, माणसाला माहीत असलेलं एकच काम जेव्हा हातातून काढून घ्यायची गोष्ट होते, तेव्हा तो रात्री झोपत नाही. ते झोपत नव्हते. त्यांचे डोळे मी रोज समोर बघत होतो.

शुक्रवार आला. कर्णा खरखरला. त्यांनी ठरावाप्रमाणे वाचलं. फरशी, दिवे, “पूर्वेकडच्या जागेत खोदकाम पूर्ण.” आवाजात फरक नाही. मी मनात म्हटलं, संपलं. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखंही वाटलं.

त्यांनी माईक खाली ठेवला, कोट चढवला, खोलीबाहेर गेले, आणि अंगणातून फिरून आमच्याच खिडकीशी येऊन उभे राहिले. बाहेरून. टोपी हातात.

“सी तिजानी,” ते मला म्हणाले, जन्मात कधी मला असं मानानं ‘सी’ म्हटलं नव्हतं, “माझ्या घरात मयत झालंय. खबर द्यायची आहे.”

मी म्हटलं, “बलगासम, वेड लागलं का?”

“खिडकीवर आलेल्याला असं बोलतात?”

“कोण गेलं?”

“धाकटा.”

“तुला धाकटा नाही.”

“नगरपालिकेत पुरावा मागायला कधीपासून लागले?”

त्यांच्यामागे रांग लागली होती, दाखल्यांना आलेली म्हातारी माणसं होती, त्यांतली एक बाई म्हणाली, “अहो, घरात मयत झालेल्या माणसाला किती उभं करता?” आता सांगा, मी काय करणार होतो? रास मिल्हमध्ये आजवर कुणी मयताची खबर नाकारली आहे? मी माईक उचलला. माझा आवाज फुटक्या मडक्यासारखा. खबर वाचताना तो आणखी फुटला. “एका तरुणाचं निधन झालं आहे. नाव अल्लाहला ठाऊक. घर, बलगासम तौझिनी.”

मग नगराध्यक्षांच्या खोलीचं दार आपटलं, सी मुन्सिफ तरातरा आमच्याकडे आले. मला वाटलं, आता दोघांच्या नोकऱ्या गेल्या. सी मुन्सिफ खिडकीशी गेले, कामाच्या बुटांवर चिखल तसाच होता, त्यांनी बाहेर हात काढून सी बलगासम यांचा हात धरला आणि म्हणाले, “बरकत तुमच्यात राहो.” एवढंच. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “खड्डा माझ्या माणसांनी खोदलाय. त्यांनाही कुणाला तरी हे म्हणायचं असतं.”

त्या दिवसानंतर ठराव कुणी मागे घेतला नाही आणि कुणी पाळलाही नाही. पुढच्या वेळी फाटकाशी औषधवाले उभे राहिले. त्यापुढे न्हावी. मग एकदा, मजीद, तू. त्या दिवशी तुझ्या घरी तिसऱ्याला मासळी होती, आणि सगळ्यांनी खाल्ली. घरं लहान पडायला लागली, म्हणून जेवणं माझ्या संग्रहालयाच्या अंगणात होऊ लागली, आणि शुक्रवारच्या खबरीत वाक्य येऊ लागलं, “संग्रहालय गुरुवारी दुपारी बंद, अंगणात जेवण आहे, सर्वांनी यावं.” संग्रहालयात कधी नव्हे इतकी माणसं आली. ती होडी बघायला आली नव्हती, हे मला कळतं.

आता शेवटचं सांगतो. मागच्या हिवाळ्यात एक बाई आली. नाव मारियामा, गिनीहून. होडीतून वाचलेल्या एका मुलानं तिला रास मिल्हचं नाव सांगितलं होतं. तिनं खिडकीवर येऊन विचारलं, आणि सी बलगासम यांच्याशी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलली. यांचंही फ्रेंच तसंच, म्हणून जमलं. तिनं डाव्या कानाला हात लावून दाखवलं. लहानपणी कोंबड्यानं पाळी ओढली होती, म्हणाली.

मी सी बलगासम यांना घाबरलेलं एकदाच पाहिलं, ते तेव्हा. तिला कबर दाखवायला नेताना वाटेत ते मला म्हणाले, “तिजानी, त्याचं सांत्वन मी घेतलं. ते हिचं होतं. मी उचलून घरी नेलं. आता हिला काय तोंड दाखवू?”

कबरीशी तिचं रडून झाल्यावर त्यांनी तिला ते तसंच सांगितलं. काही लपवलं नाही. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, “जेवण घातलंत?”

“घातलं.”

“रडलं कोण?”

“माझी बायको.”

संध्याकाळी ती लल्ला झाझियांच्या स्वयंपाकघरात बसली. त्या दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. काय बोलल्या, मला ठाऊक नाही, आणि लल्ला झाझियांनी आजवर सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कर्ण्यावरून खबर आली, आणि या वेळी तिच्यात नाव होतं. “लान्साना सूमा याचं निधन झालं आहे. त्याची आई मारियामा सूमा आज दुपारी अस्रच्या नमाजेनंतर कबरस्तानाच्या फाटकाशी उभी राहील.” बाई फाटकाशी उभी राहत नाही आपल्याकडे, पण कुणी चकार शब्द काढला नाही. गाव रांगेनं आलं. शब्द तिला कळत नव्हते, तरी प्रत्येकाच्या हातावर हात ठेवून ती मान डोलवत होती. सी बलगासम मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी उभे होते. त्यांची पाळी आली, त्यांनी डोकं खाली घातलं आणि म्हणाले, “बरकत तुमच्यात राहो.”

तिनं त्यांचा हात धरला, तो सोडला नाही. त्यांना वळवलं आणि आपल्या शेजारी उभं केलं, घरच्यांच्या जागी. मागे रांगेत कुणी उरलं नव्हतं. मग मीच पुन्हा रांगेत गेलो आणि दोघांचं सांत्वन केलं, आणि माझ्यामागून सगळं गाव पुन्हा आलं.

बंधुभगिनींनो, निरोपाच्या भाषणात सत्कारमूर्तीला दीर्घायुष्य चिंतायचं असतं, ते मी मनापासून चिंततो. खबर आता फोनवर येणार आहे, कुमारी अनीसा ती देणार आहेत, हुशार मुलगी आहे. सय्यदा राझियांनी हे सभागृह दिलं, सी मुन्सिफ यांनी खुर्च्या आणवल्या, शेख त्लीलींनी दुआ केली, मजीदनं दुकान बंद ठेवलं, लल्ला झाझियांनी आम्हा सगळ्यांना इतकी वर्षं सहन केलं. सर्वांचे आभार.

पण मला अजून एक सांगायचं आहे, अध्यक्षांची परवानगी गृहीत धरून. आज सकाळी दक्षिणेकडच्या वाळूत एक बाई सापडली. सी बलगासम नवा कोट घालून माझ्याकडे आले आणि म्हणाले, “समारंभ पुढे ढकल, दुपारी दफन आहे, कुणाच्या घरचं ते ठरलेलं नाही.” ते पुढे काय म्हणणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी त्यांना बोलूच दिलं नाही. सी बलगासम, तुम्ही आज पाहुणे आहात. तुम्ही रांगेत यायचं.

तर ऐका. एका बाईचं निधन झालं आहे. वय चाळिशीच्या आसपास. नाव अल्लाहला ठाऊक. दफन आज अस्रच्या नमाजेनंतर. घर, तिजानी बिन यूनुस. माझ्या घरात मी एकटा आहे, स्वयंपाक मला येत नाही, तेव्हा लल्ला झाझिया, तुमचा हात लागेल. मी फाटकाशी उभा असेन.

बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर पोटात घाला. आज माझ्या घरी मयत आहे.